उपग्रह म्हणतो धूळ आहे, पण ती आहे किती उंचीवर?

विभाग: विज्ञान आणि पर्यावरण

खाडीकाठची | शनिवार, सकाळी ९:१२

मार्च ते मे या काळात ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक नकाशा हमखास फिरतो. अरबस्तानातून निघालेला तपकिरी पट्टा समुद्र ओलांडून थेट ठाणे-रायगडवर आलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'खिडक्या बंद ठेवा'. त्याच दुपारी ऐरोलीच्या पुलावरून पारसिकची रांग स्वच्छ दिसत असते आणि महापे-नेरुळच्या हवा मोजणाऱ्या केंद्रांवर पीएम २.५ चे, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक कणांचे, आकडे नेहमीसारखेच असतात. मग गटात भांडण. अर्धे म्हणतात उपग्रह खोटा, उरलेले म्हणतात केंद्रं खोटी.

दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, आणि त्यासाठीच हा धागा.

उपग्रह वरून बघतो. त्याच्या हाती येते ती जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या कणांची बेरीज. हिला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ म्हणतात. ती १ झाली की डोक्यावरच्या सूर्याचा सरळ येणारा प्रकाश ३७ टक्केच उरतो. पण ही बेरीज ३ किलोमीटरवरून सरकणाऱ्या धुळीची आहे की तुर्भे-तळोज्यावर दोनशे मीटरात साचलेल्या धुराची, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. आपण श्वास घेतो तो खालच्या दोन मीटरांत.

उन्हाळ्यात अरबस्तानच्या वाळवंटावरची तापलेली हवा धूळ घेऊन चार-पाच किलोमीटरपर्यंत चढते. ती पश्चिमेच्या वाऱ्यांवर इकडे येते तेव्हा तिच्याखाली समुद्रावरची थंड, दमट हवा असते. दुपारी खारे वारे सुटले की तीच खालची हवा ठाण्याच्या खाडीवरून आत शिरते. म्हणजे वर धूळ, खाली बऱ्यापैकी धुतलेली हवा, आणि नकाशा तपकिरी. जानेवारीत याच्या उलट असतं. पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची त्यापेक्षा उबदार, धूर वर जाऊच शकत नाही. बेरीज तेवढीच किंवा कमीसुद्धा असेल, पण सगळी आपल्या नाकाशी.

थराची उंची मोजायचा सरळ मार्ग म्हणजे लिडार. लेझरचा झोत सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर, इतका साधा हिशेब. कॅलिप्सो उपग्रहाने २००६ पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत हेच केलं. अडचण एकच. त्याच्या झोताची जमिनीवरची रुंदी सुमारे ७० मीटर आणि त्याच रेषेवर परत यायला १६ दिवस. रेषा मुलुंडवरून गेली तर ठाण्याला काही मिळालं नाही. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवर आणखी चांगला लिडार आहे, पण रेषा ती रेषाच.

म्हणून सध्या जोर आहे तो लेझर न वापरता, नुसत्या परतलेल्या सूर्यप्रकाशाच्या ध्रुवणावरून उंची काढण्यावर. हे कसं जमतं ते मला फार आवडतं, कारण यात मोजपट्टी म्हणून खुद्द हवाच वापरली आहे. कोणाला रस असेल तर पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहिते.

घोडबंदरकर | शनिवार, ९:३१

ताई, लेख छान. पण आमच्या घोडबंदर रोडला धुळीची उंची मोजायला उपग्रह कशाला? मेट्रोचं काम, काँक्रीटचे मिक्सर आणि ताडपत्री न टाकलेले डंपर. धूळ बरोब्बर नाकाच्या उंचीवर. ह. घ्या.

वडापाव_शास्त्रज्ञ | शनिवार, ९:३३

+१ डंपरला. बाकी लिहा हो, शनिवार आहे, वडा खात वाचतो.

सानपाड्याची_सई | शनिवार, १०:०५

वाचतेय. माझ्या मुलाला दमा आहे म्हणून सरळ विचारते. नकाशा लाल आणि केंद्राचा आकडा ठीक, असं असेल तर त्याला संध्याकाळी क्रिकेटला पाठवू की नको?

खाडीकाठची | शनिवार, १०:२०

सई, त्या निर्णयासाठी जवळच्या केंद्राचा ताजा, तासाचा आकडा बघ. उपग्रहाचा नकाशा नको. आपल्याकडे पीएम २.५ चं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. दम्याच्या मुलाच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी दिलेली मर्यादा त्याहून कडक असेल तर तीच धर. आणि हिवाळ्यात सकाळचा सराव असेल तर तो आधी रद्द कर. संध्याकाळचा बहुधा त्याहून बरा असतो.

निवृत्त_मास्तर | शनिवार, ११:४७

खाडीकाठची, तुम्ही पुढे लिहाल त्याआधी थोडी पार्श्वभूमी देतो. चाळीस मिनिटांच्या तासिकेची सवय आहे, तेव्हा लांबलं तर समजून घ्या.

सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी डोलत असतात, त्यांना कुठली एक दिशा आवडती नसते. हवेच्या रेणूवर आपटून प्रकाश बाजूला वळला की मात्र त्याचं डोलणं बरंचसं एकाच दिशेत उरतं. यालाच ध्रुवण म्हणतात. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश बघितलं तर हा परिणाम सर्वांत जास्त. १८०९ मध्ये अरागोने हे पॅरिसहून पाहिलं. का होतं आणि आकाश निळंच का, याचं गणित १८७१ मध्ये रॅलेने मांडलं. तरंगलांबी निम्मी केली की रेणूंचं विकिरण, म्हणजे प्रकाश इकडेतिकडे विखुरणं, १६ पट वाढतं.

आता आपल्या बंदराची गोष्ट. १९२१ साली सी. व्ही. रामन विलायतेहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं रॅले म्हणून गेले होते. रामन यांच्याकडे निकोलचा लोलक होता, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा प्रकाश पुढे सोडणारा. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट कोनात जवळपास पूर्ण ध्रुवित असतो, पाण्यासाठी तो सुमारे ५३ अंश. त्यांनी त्या कोनातून लोलकातून बघितलं आणि लोलक फिरवून प्रतिबिंब बंद केलं. समुद्र तरीही निळाच, किंबहुना जास्त निळा. म्हणजे तो निळा पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांनी तिथूनच 'नेचर'ला टिपण पाठवलं.

ध्रुवणाचा खरा उपयोग हा. एकाच वेळी डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशातला कोणता कुठून आला, हे वेगळं करता येतं. तुमचा उपग्रह तेच करतो, असा माझा कयास. पुढे लिहा.

खाडीकाठची | शनिवार, दुपारी ३:१५

मास्तर, कयास अगदी बरोबर. नारकुंडाचा किस्सा इथे इतका चपखल बसेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता मुद्द्याचं.

उपग्रहाने खाली बघितलं की त्याला तीन ठिकाणांहून प्रकाश मिळतो: हवेचे रेणू, हवेतले कण आणि जमीन. रेणूंचा प्रकाश खूप ध्रुवित असतो आणि किती ध्रुवित असेल ते आधीच पक्कं माहीत असतं, कारण हवेत काय आहे आणि तिचा दाब किती हे आपल्याला ठाऊक आहे. जमिनीचा प्रकाश कमी ध्रुवित, आणि तरंगलांबी बदलली तरी त्याचं ध्रुवण फारसं बदलत नाही. पनवेलचं शेत असो की वाशीचं काँक्रीट, हे साधारण लागू पडतं. नुसत्या तेजस्वितेवरून शहरावरचे कण मोजताना उजळ जमीन नेहमी गोंधळ घालते. ध्रुवणात तो गोंधळ बराच कमी होतो.

आता दोन तरंगलांबी घ्या. ८६५ नॅनोमीटर, म्हणजे लालच्या पलीकडची, आणि ४१० नॅनोमीटर, म्हणजे जांभळ्याच्या कडेची. मास्तरांनी सांगितलेल्या नियमाने ४१० ला रेणूंचं विकिरण ८६५ च्या सुमारे २० पट. ८६५ ला हवा जवळपास अदृश्य असते. तिथे जे ध्रुवण दिसतं ते मुख्यतः कणांचं, त्यामुळे कण किती, बारीक की भरड, याचा अंदाज तिथून येतो. ४१० ला मात्र सगळं आकाश रेणूंच्या ध्रुवित प्रकाशाने भरलेलं असतं, आणि कणांचा थर त्यातला काही भाग झाकतो.

किती झाकतो? ते थर कुठे आहे यावर. थर जमिनीलगत असेल तर बहुतेक हवा त्याच्या वर आहे, उपग्रहाला रेणूंचा ध्रुवित प्रकाश जवळपास पूर्ण मिळतो. थर वर असेल तर त्याच्याखालच्या रेणूंपर्यंत ऊन पोचतानाही ते थरातून गाळलं जातं आणि परत येतानाही. ४१० चा ध्रुवित प्रकाश घटतो. कण तेवढेच, प्रकार तोच, पण आकडा वेगळा. त्या फरकातून उंची.

एका कोनातून हे जमत नाही. कणांचा आकार, त्यांचा अपवर्तनांक (ते प्रकाश किती वाकवतात), उंची, सगळंच अज्ञात असतं आणि समीकरणं कमी पडतात. म्हणून एकच जागा पुढून, वरून, मागून अशी अनेक कोनांतून बघायची. नासाच्या संशोधकांनी आरएसपी नावाचं उपकरण विमानात बसवून हे करून पाहिलं. ते पुढे-मागे दीडशेच्या आसपास कोनांतून मोजतं आणि त्याची सुरुवातच ४१० नॅनोमीटरला होते. जोडीला लिडार होता म्हणून उत्तर ताडून बघता आलं.

उपग्रहांत हे काम सध्या नासाचा पेस करतो. ८ फेब्रुवारी २०२४ ला तो सोडला. त्यावर दोन ध्रुवणमापक आहेत. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बनलेला हार्प-२, जो लाल पट्ट्यात ६० कोनांपर्यंत बघतो. आणि नेदरलँड्सचा स्पेक्सवन, जो फक्त ५ कोनांतून बघतो पण ३८५ पासून ७७० नॅनोमीटरपर्यंत सलग वर्णपट मोजतो. उंचीसाठी मला स्पेक्सवन महत्त्वाचा वाटतो, कारण तो जांभळ्याच्याही पलीकडे जातो आणि गंमत सगळी तिथेच आहे. हार्प-२ ची सर्वांत निळी पट्टी ४४० ला आहे.

वडापाव_शास्त्रज्ञ | शनिवार, ४:०२

थांबा, मला समजलंय का बघतो. ठाण्याची दहीहंडी. खालच्या थरात सगळ्यात जास्त गोविंदा, वर वर कमी होत एक बाळगोपाळ. हेलिकॉप्टरमधून बघणाऱ्याला गोविंदा मोजायचेत. मधेच कोणीतरी तिसऱ्या थराच्या वर चादर पसरली. मग वरून दिसलेल्या डोक्यांवरून चादर कितव्या थरावर आहे ते सांगता येईल, कारण कुठल्या थरात किती माणसं हे आधीच ठरलेलं आहे. गोविंदा म्हणजे रेणू, चादर म्हणजे धूळ. पास की नापास?

खाडीकाठची | शनिवार, ४:१८

पास, आणि वडा माझ्याकडून. फक्त चादर जाड नाही, मलमलीची आहे. खालचे गोविंदा पुसट दिसतात, आणि आधी मलमल किती विरळ हे ठरवावं लागतं. ते ८६५ ला ठरतं.

तुमच्या थरांचे खरे आकडे देते. १ किलोमीटरवर थर असेल तर त्याच्याखाली एकूण हवेच्या ११ टक्के हवा. ४ किलोमीटरवर असेल तर ३९ टक्के. हा फरक मोठा आहे, उपकरणाला सहज पकडता येतो. पण ३०० मीटर आणि ८०० मीटर बघितलं तर साडेतीन टक्के आणि नऊ टक्के. इथे हात थरथरायला लागतात. म्हणजे 'अरबस्तानची धूळ वर आहे की खाली' याचं उत्तर मिळेल. 'तळोज्याचा धूर आज विसाव्या मजल्यापर्यंत की साठाव्या' याचं मिळणार नाही.

कोलशेत_७ | शनिवार, रात्री ९:४०

ताई, तुमचं विवेचन आवडलं, पण हे जरा जास्तच सोपं करून सांगितलंय. मी प्रकाशीय उपकरणांत काम केलंय, म्हणून काही शंका.

जांभळ्या-अतिनील भागात काजळी आणि धूळ प्रकाश शोषतात. काळपट कण खाली असले तरी ४१० चा आकडा घटेल आणि फिकट कण वर असले तरी घटेल. मग घट उंचीमुळे की शोषणामुळे? जुन्या अतिनील एरोसोल निर्देशांकाची हीच बोंब होती. निर्देशांक वाढला म्हणजे कण जास्त, की जास्त काळे, की जास्त वर, सांगता यायचं नाही.

दुसरं, दोन थर असतील तर? आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली शहराचा धूर आणि वर लांबून आलेली धूळ, असं सहज होऊ शकतं.

तिसरं, वेळ. पेस दुपारी एकच्या सुमारास जातो. ठाण्याची हवा सर्वांत वाईट पहाटे सहा-सातला. त्या वेळी सूर्यच नीट उगवलेला नसतो, म्हणजे सूर्यप्रकाशावर चालणारी पद्धत तिथे बादच.

आणि ग्लोरी आठवतो का कोणाला? याच कामासाठी बनवलेला ध्रुवणमापक घेऊन ४ मार्च २०११ ला निघाला, रॉकेटचं टोपण सुटलंच नाही आणि सगळं समुद्रात. फ्रान्सचा पॅरासोल २०१३ अखेर बंद झाला. या क्षेत्राचं नशीबच तसलं.

घोडबंदरकर | शनिवार, ९:५२

आता रंगत आली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाडीकाठची | रविवार, सकाळी ८:३०

कोलशेत, शंका दमदार आहेत. वेळेची सोडली तर बाकीच्यांवर लोक काम करताहेत. वेळेची मात्र खरंच सुटणार नाही.

शोषणाबद्दल. एरोसोल निर्देशांक एकाच कोनातून, दोन तरंगलांबींच्या तेजस्वितेवरून निघतो, म्हणून तिथे अज्ञात गोष्टी एकमेकींत अडकतात. इथे पाच कोन, सलग वर्णपट, प्रत्येक ठिकाणी तेजस्विता आणि ध्रुवण दोन्ही. शोषण वाढलं की अनेक कोनांतल्या तेजस्वितेवर जो परिणाम होतो तो उंची वाढल्यावर होतो तसा होत नाही. म्हणून उंची वेगळी काढत नाहीत. आकार, अपवर्तनांक, शोषण, उंची हे सगळं एकाच हिशेबात जुळवतात, सगळी मोजमापं एकदम बसली पाहिजेत. तरीही गुंता शून्य होत नाही, आणि विरळ हवेत तर सिग्नलच नसतो. पावसाने धुऊन काढलेल्या हवेत थराची उंची विचारण्यात अर्थ नाही.

दोन थरांबद्दल तुमचंच बरोबर, आणि हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. खाली ३०० मीटरवर धूर आणि वर ३ किलोमीटरवर धूळ असेल, तर उत्तर येईल मधलंच काहीतरी, जिथे प्रत्यक्षात काहीही नाही. नकाशावर तो आकडा इतर आकड्यांइतकाच आत्मविश्वासाने छापलेला असतो. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत जहाजं, विमानं आणि लिडार लावून आपल्या उपखंडातून हिंदी महासागरावर जाणारा धूर तपासला होता. तेव्हाही समुद्रालगतच्या हवेच्या वर, ३ किलोमीटरपर्यंत वेगळे थर आढळले होते. आपला किनारा या बाबतीत वाकडाच आहे.

यावर एक तोडगा म्हणजे दुसऱ्या पद्धतीशी ताडून बघणं. सेंटिनेल-५पी वरचा ट्रोपोमी ऑक्सिजनच्या ७६० नॅनोमीटरजवळच्या शोषणावरून उंची काढतो. थर वर असेल तर परतणारा प्रकाश कमी ऑक्सिजनमधून गेलेला असतो, शोषण कमी दिसतं. पण त्या तरंगलांबीला हिरवी झाडं लख्ख उजळ दिसतात. येऊरच्या जंगलावर त्याला जमिनीचाच प्रकाश जास्त मिळतो आणि उंची खाली ओढली जाते. ४१० ला तेच जंगल गडद असतं. दोघांच्या खोडी वेगवेगळ्या आहेत, म्हणून दोघांचं जमलं तर मी जास्त विश्वास ठेवते, आणि जमलं नाही तर तिथे दोन थर असतील अशी शंका घेते.

वेळेचं काय, पहाटे ते जात नाहीत, गेले तरी उपयोग नाही. त्याला जमिनीवरचा लिडारच हवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकापासून तो चालवलेला आहे. विमानतळांवर ढगांचा तळ मोजायला सिलोमीटर असतो, तोही मुळात छोटा लिडारच, आणि त्याच्या नोंदींतून धुराचा थर काढता येतो. उलव्याला विमानतळ झालाच आहे. तिथल्या नोंदी अभ्यासकांना खुल्या मिळाल्या तर खाडीपलीकडच्या आपल्या पहाटेबद्दल उपग्रहापेक्षा जास्त कळेल, असं माझं मत.

आणखी एक मर्यादा तुम्ही सोडलीत. स्पेक्सवनचा पट्टा फक्त सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. आज ठाणे त्यात आलं म्हणजे उद्या येईलच असं नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सुट्टीच.

ग्लोरीचं दुःख आहेच. पण ऑगस्ट २०२५ मध्ये युरोपच्या मेटॉप दुसऱ्या पिढीचा पहिला उपग्रह गेला, त्यावर थ्रीएमआय हा ध्रुवणमापक आहे. तो पॅरासोलच्याच घराण्यातला, आणि हवामान खात्यांच्या रोजच्या कामासाठीचा. त्यामुळे आता हा एकाच मोहिमेच्या नशिबाचा खेळ राहिलेला नाही.

कोलशेत_७ | रविवार, ९:०५

मधल्या उंचीचा मुद्दा मान्य केलात, बरं वाटलं. सिलोमीटरबद्दल १०० टक्के सहमत.

येऊरचा_बहिरीससाणा | रविवार, ११:२०

धागा उशिरा पाहिला. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, लेन्सवर ध्रुवणाचा फिल्टर असतो. येऊरला पावसाळा संपल्या संपल्या, ऑक्टोबरच्या पहिल्या स्वच्छ दिवसांत, सूर्याला काटकोनात कॅमेरा धरून फिल्टर फिरवला की आकाश गडद निळं होतं. जानेवारीत तेच केलं तर जेमतेम फरक पडतो, राखाडीचं जरा गडद राखाडी. मी समजत होतो फिल्टर हलका आहे. हा तुमच्या कणांचा प्रताप का?

आणि कॅलिप्सोचा लिडारही ध्रुवण मोजायचा असं वाचलं होतं. मग तो आणि हे एकच का?

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १२:१०

फिल्टर निर्दोष आहे. कण वाढले की प्रकाश तुमच्या लेन्सपर्यंत येण्याआधी दोन-तीनदा आपटतो, प्रत्येक वेळी डोलण्याची दिशा बदलते आणि शेवटी सगळ्यांची खिचडी होते. त्यात मोठे कण मुळातच ९० अंशांना रेणूंइतकं ध्रुवण देत नाहीत. एकोणिसाव्या शतकात लोक आकाशातले ध्रुवण शून्य होणारे बिंदू शोधत बसायचे. अरागो, बाबिने आणि ब्रूस्टर यांच्या नावाने ते ओळखले जातात. १८८३ ला क्राकाटोआ फुटला आणि त्याची राख जगभर पसरली, तेव्हा ते बिंदू आपल्या नेहमीच्या जागेवरून सरकलेले आढळले. म्हणजे नुसत्या लोलकाने आकाशातली राख कळत होती, उपग्रह नसताना.

कॅलिप्सोचं वेगळं. तो स्वतःच एका दिशेत डोलणारा हिरवा लेझर, ५३२ नॅनोमीटरचा, खाली सोडायचा. गोल थेंबावरून तो परत येताना तसाच येतो. धुळीचे कण ओबडधोबड, त्यांच्यावरून परतताना काही भाग दुसऱ्या दिशेत वळतो. तेवढ्यावरून ही धूळ की धुराचे-मिठाचे गोल थेंब, हे कळतं. उंची मात्र वेळेवरूनच. ध्रुवण तिथे ओळख पटवायला, आणि खाडीकाठच्या ताईंच्या पद्धतीत उंची काढायला.

सानपाड्याची_सई | रविवार, १:३०

मास्तर, शाळेत तुम्ही असता तर मी विज्ञान सोडलं नसतं. २०२२ च्या जानेवारीत गाड्यांवर पांढरी पावडर बसली होती, ती वरची धूळ होती की खालची?

खाडीकाठची | रविवार, १:५८

ती खाली आलेली. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ पश्चिमी झंझावातामागच्या जोरदार वाऱ्यांसोबत समुद्रावरून आली आणि जमिनीलगतच राहिली. त्या दिवशी उपग्रहही लाल आणि मुंबईची केंद्रंही लाल, दृश्यमानता पार पडलेली. नकाशावर ती मार्च-एप्रिलच्या धुळीसारखीच दिसते, फरक फक्त उंचीचा. दोन दिवस आधी समुद्रावर असतानाच तिची उंची कळली, तर 'खिडक्या बंद ठेवा' हा निरोप पाठवायचा की नाही हे ठरवता येईल. मला या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

१३ मे २०२४ चं वादळ यात धरू नका. ती धूळ गडगडाटी ढगातून खाली कोसळलेल्या वाऱ्याने इथलीच उडवलेली होती, आणि दुपारनंतर आली. एकच्या उपग्रहाला तिचा पत्ताही नाही.

घोडबंदरकर | रविवार, २:१०

म्हणजे इथलीच धूळ, माझ्याच रस्त्याची. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

वडापाव_शास्त्रज्ञ | रविवार, २:१२

काकांचा डंपर सगळ्या उपग्रहांना भारी पडला. _/\_

अवांतर: आपल्या इस्रोचं असं काही आहे का?

कोलशेत_७ | रविवार, २:४५

थेट या कामासाठीचं नाही. पण चंद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर शेप नावाचा छोटा ध्रुवणमापक होता आणि तो पृथ्वीकडेच बघत होता. उद्देश वेगळा. लांबून बघितल्यावर जीवसृष्टी असलेल्या ग्रहाचा प्रकाश कसा दिसतो, त्याची नोंद ठेवायची, म्हणजे पुढे परक्या ताऱ्यांच्या ग्रहांशी तुलना करता येईल. १ जानेवारी २०२४ ला गेलेला एक्स्पोसॅट क्ष-किरणांचं ध्रुवण मोजतो. म्हणजे ध्रुवणाचा हात इस्रोला आहे. एक मापक मुंबई-दिल्लीच्या हवेकडे वळवावा, एवढीच इच्छा.

सानपाड्याची_सई | रविवार, सायंकाळी ५:२०

मुलाने बाजूला बसून दहीहंडीवाला प्रतिसाद वाचला आणि आता त्याला आकाश काळं करून बघायचंय. घरी सिनेमाचा थ्रीडी चष्मा आहे. चालेल का?

निवृत्त_मास्तर | रविवार, ५:३४

चालेल, पण उलटा धरून. त्या चष्म्यात पडद्याकडच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो जो प्रकाशाचं डोलणं गोल फिरवून टाकतो, आणि खरा ध्रुवक डोळ्याकडच्या बाजूला असतो. सरळ घालून आकाशाकडे बघितलंत तर काही बदल दिसणार नाही. काड्या समोर करून, डोळ्याची बाजू आकाशाकडे ठेवून एका काचेतून बघा आणि चष्मा हळूहळू फिरवा. बहिरीससाणा यांच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरमध्ये ध्रुवक आधीच आकाशाकडे असतो, म्हणून त्यांना उलटं करावं लागत नाही.

वेळ सूर्यास्ताच्या आसपासची घ्या. तेव्हा ९० अंशांचा पट्टा बरोबर डोक्यावरून उत्तर-दक्षिण जातो, मान वर करून बघितलं की झालं. सूर्याकडे बघायचं नाही, चष्म्यातून तर मुळीच नाही.

सानपाड्याची_सई | रविवार, ७:०५

डोक्यावर दिसलं! पामबीचच्या बाजूला खाली क्षितिजाकडे मात्र चष्मा कितीही फिरवला तरी तसंच राखाडी. तो विचारतोय की तिकडची धूळ किती उंचीवर आहे.

खाडीकाठची | रविवार, ७:१५

त्याला सांग, तू बघितलास तो अख्खा ढीग, खालपासून वरपर्यंतचा. त्यातून उंची काढायला तुला आकाशातून पाच कोन लागतील. आणि तिकडेच मावळतीचा सूर्य होता, त्यामुळे हवा कितीही स्वच्छ असती तरी त्या दिशेला ध्रुवण कमीच दिसलं असतं. उद्या उत्तरेच्या क्षितिजाकडे, दिघ्याच्या बाजूला बघायला सांग. तिथे राखाडी राहिलं तर ते कणांचं.